बॅनरचे ‘पाच नियम’ आणि ३०० डीपीआयचा हट्ट

‘बॅनर छापायला देण्यापूर्वी हे पाच नियम पाळा, नाहीतर पैसे पाण्यात’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: बॅनर कितीही मोठा असो, डिझाइन प्रत्यक्ष मापात ३०० डीपीआयलाच (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) करावे, फोटो ७२ डीपीआयचा असेल तर आकडा बदलून ३०० करावा, फाइल नेहमी सीएमवायकेमध्येच (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांच्या रंगपद्धतीत) द्यावी, काळा रंग गडद यावा म्हणून चारही शाया शंभर टक्के ठेवाव्यात, आणि शेवटी जेपीईजीची पीडीएफ करावी, म्हणजे ती व्हेक्टर (पिक्सेलांऐवजी रेषांच्या गणिताने साठवलेली) होते आणि कितीही मोठी केली तरी फाटत नाही, म्हणजे तिचे चौकोन दिसत नाहीत. नुकतीच डिझाइन शिकू लागलेल्या माझ्या पुतणीने हा मजकूर प्रमाण मानला, वीस बाय दहा फुटांची फाइल ३०० डीपीआयला उघडली आणि तिचा संगणक जो अडकला तो अडकलाच. म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिला नियम सांगणाऱ्याने साधा गुणाकारही करून पाहिलेला दिसत नाही. वीस फूट म्हणजे २४० इंच आणि दहा फूट म्हणजे १२० इंच. प्रत्येक इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फाइल ७२,००० बाय ३६,००० पिक्सेलची होते, म्हणजे एकूण २५९ कोटींहून अधिक पिक्सेल, आणि सीएमवायकेमध्ये एकाच लेयरची ही फाइल दहा जीबीच्या घरात जाते. फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची एका बाजूची मर्यादा ३०,००० पिक्सेल आहे, तर जेपीईजीमध्ये एका बाजूला ६५,५३५ पेक्षा जास्त पिक्सेल बसतच नाहीत. म्हणजे मजकुराचा पहिला नियम पाळला, तर पाचव्या नियमासाठी लागणारी जेपीईजी तयारच होऊ शकत नाही, आणि तरीही हा मजकूर पुढे पाठवला जातो आहे.

मुळात ३०० हा आकडा आला तो हातात धरून वाचायच्या कागदावरून. चांगल्या ऑफसेट छपाईत इंचाला साधारण १५० ओळींचा स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, वापरतात आणि प्रतिमेत त्याच्या दुप्पट पिक्सेल ठेवण्याचा प्रघात आहे. बॅनर मात्र कोणी नाकाला लावून पाहत नाही. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. आजही नजर तपासताना ज्याला ६/६ म्हणतात, त्या ओळीतील अक्षराची प्रत्येक रेघ सहा मीटरवरून डोळ्याशी एका अंशाचा साठावा भाग एवढाच कोन करते. या मापाने सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला सुमारे पावणेदोन मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसतो, म्हणजे इंचाला जेमतेम १५ पिक्सेल. तीन मीटरवर हा आकडा २९, एका मीटरवर ८७ आणि तीस सेंटिमीटरवर २९१ होतो. म्हणजे ३००चा आग्रह नेमका वाचनाच्या अंतरापुरता खरा आहे. काही डोळे याहून तीक्ष्ण असतात आणि तिरप्या कडांचे दाते लवकर जाणवतात, म्हणून हात थोडा सैल ठेवून मोठ्या बॅनरला प्रत्यक्ष मापात ७२ ते १००, आणि जवळून पाहिल्या जाणाऱ्या स्टँडीला १५० ठेवले की पुरते. फार मोठे डिझाइन एक दशांश मापात करून त्याचे रिझोल्यूशन दसपट ठेवता येते. फक्त ते प्रमाण फाइलच्या नावातच लिहावे. छपाईयंत्राच्या माहितीपत्रकातील ७२० किंवा १४४० डीपीआय हे शाईच्या थेंबांचे माप आहे. त्याचा आपल्या फाइलमधील पिक्सेलशी गोंधळ करू नये.

दुसरा नियम तर निव्वळ फसवणूक आहे. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पलची (पिक्सेलांची संख्या बदलण्याची) खूण काढून ७२ चे ३०० केले, तर पिक्सेल तेवढेच राहतात आणि केवळ छपाईचे माप आक्रसते; खूण ठेवून केले, तर सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरते आणि मूळ फोटोत नसलेला तपशील त्यातून उगवत नाही. पाहायचे ते एकूण पिक्सेल. ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा मोबाइलचा फोटो दहा फूट रुंद केला तरी इंचाला ३३ पिक्सेल उरतात, आणि तीन मीटरवरून तो चालून जातो. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने मागवला, तर वाटेतच त्याचे पिक्सेल कमी होतात. तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. ज्या माध्यमातून हे नियम फिरत आहेत, त्याबद्दल त्यांत एक शब्दही नाही.

सीएमवायकेच्या नियमात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी रंग शाईत तसाच उतरत नाही, आणि तो कसा येईल हे आधी पाहिलेले बरे. पण बॅनरच्या अनेक यंत्रांचे रिप सॉफ्टवेअर (फाइलचे शाईच्या थेंबांत रूपांतर करणारे) आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीची, फाइलही नीट हाताळते, आणि भलत्याच प्रोफाइलने (यंत्र, शाई आणि कापडानुसार ठरलेल्या रंगांच्या नोंदीने) आधीच रूपांतर केले तर त्या यंत्राला काढता आले असते असे रंगही हातचे जातात. छपाईवाल्याला त्याचे प्रोफाइल विचारावे; त्याला एक फोन पुरतो.

चारही शाया शंभर टक्के, हा सल्ला मात्र माल खराब करणारा आहे. एकूण शाई ४०० टक्के झाली की ती फ्लेक्सवर नीट वाळत नाही, गुंडाळल्यावर चिकटते आणि अक्षरांच्या कडा पसरतात. मोठ्या काळ्या पट्ट्यासाठी काळी शंभर आणि बाकीच्या तीन माफक, एकूण छपाईवाल्याच्या मर्यादेत, आणि बारीक अक्षरांसाठी नुसती काळी, एवढे पुरे.

राहिली पीडीएफ. जेपीईजी पीडीएफमध्ये टाकली म्हणून तिच्या पिक्सेलांच्या रेषा होत नाहीत. फाइल ८०० टक्क्यांवर मोठी करून पाहिली की अक्षरांच्या कडांचे चौकोन लगेच दिसतात. अक्षरे आणि लोगो मूळ कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटरच्या फाइलमधूनच व्हेक्टर म्हणून पीडीएफमध्ये न्यावेत, आणि अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या नुसत्या आकारांत, बदलावीत, कारण छपाईवाल्याकडे तो देवनागरी फॉन्ट नसला की जोडाक्षरे सुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. कर्व्ह केलेल्या मजकुरातील शुद्धलेखनाची चूक मात्र टाइप करून सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवून मगच कर्व्ह करावे.