मेलनी मार्टिनेझ यांच्यावर अन्यायच झाला
अमेरिकेतील ‘पीबीएस किड्स स्प्राउट’ वाहिनीने 2006 मध्ये ‘द गुड नाइट शो’ या लहान मुलांसाठीच्या झोपण्यापूर्वीच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका मेलनी मार्टिनेझ यांना, त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी मोठ्यांसाठी केलेल्या विडंबनपर चित्रफितींमुळे काढून टाकले, आणि आपल्या लेखात या निर्णयाचे केलेले समर्थन मला मुळीच पटले नाही. चिमुकल्यांनी त्या चित्रफिती पाहण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक पालकांनी तर मार्टिनेझ यांच्याच बाजूने पत्रे लिहिली. नाशिकमध्ये बालवाडीसाठी शिक्षिका निवडताना मी तिचे मुलांशी वागणे पाहते. तिने कधीकाळी कालिदास कलामंदिरात कोणती भूमिका केली होती, हे विचारावेसे मला कधीच वाटले नाही. झोपण्यापूर्वी रोज दिसणारा ओळखीचा चेहरा अचानक का नाहीसा झाला, हे तीन वर्षांच्या मुलाला कोणी समजवायचे होते?