गबरूचे पंजे आणि आमचा एक स्टार

नमस्कार ताई,

आमच्या कुत्र्या-मांजरांच्या ग्रूमिंगच्या दुकानाला तुम्ही एक स्टार देऊन लिहिलेला रिव्ह्यू सोमवारी रात्रीच वाचला. उत्तराला तीन दिवस लागले, कारण आधी सीसीटीव्ही बघायचा होता, दुकानातल्या पोरांशी बोलायचं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी जे लिहून काढलं ते टाकण्यासारखं नव्हतं. बायकोने वाचलं आणि फोन हातातून काढून घेतला.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमचा आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर, गबरू, शनिवारी दुपारी तीनच्या अपॉइंटमेंटला आमच्याकडे आंघोळ आणि नखांसाठी आला. घरी गेल्यावर लंगडायला लागला. रविवारी सकाळी पुढच्या दोन्ही पंजांची सालटं निघालेली दिसली. आमच्या गरम टेबलाने आणि ड्रायरने तो पोळला, वरून आम्ही ८५० रुपयांचे बूट तुमच्या गळ्यात मारले, आणि फोन केला तर 'होतं असं, खोबरेल लावा' एवढंच उत्तर मिळालं. डॉक्टरचे १,६०० रुपये गेले ते वेगळेच.

यातलं टेबल आणि ड्रायरचं मला मान्य नाही. बाकी सगळं मान्य आहे. शिवाय एक गोष्ट तुम्हाला माहीतच नाही, ती आमच्या वहीत आहे. तीही सांगतो.

टेबलाचं आधी संपवतो. आमच्या टेबलावर रबराची मॅट आहे आणि ते कुलरसमोर असतं. ड्रायरचा झोत वरून आणि बाजूने येतो. त्याने भाजलं तर पोट, कान, बोटांमधली कातडी अशी पातळ जागा आधी लाल होते. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून चार वेळा पाहिला. बोटांच्या बेचक्या ठणठणीत आहेत. सालटं निघालंय ते पॅडच्या, म्हणजे पंजाखालच्या गादीच्या तळाचं, तेही मधल्या मोठ्या पॅडच्या मागच्या कडेला, जिथे पाऊल टेकताना जोर येतो. कातडीचा एक पापुद्रा सुटून लटकलाय आणि खाली गुलाबी दिसतंय. तापलेल्या जमिनीवर चालून पोळलेला पंजा असा दिसतो. कुत्र्याच्या अंगाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि गबरू आमच्या काट्यावर ३८ किलो भरला होता. म्हणून पुढचे पंजे गेले, मागचे वाचले.

पण रस्त्यावर पोळला म्हणजे आम्ही सुटलो, असं नाही.

कॅमेऱ्यात तीन वाजून आठ मिनिटांनी तुमची गाडी दिसते. दुकानासमोर नेहमीप्रमाणे दुचाक्यांची गर्दी, म्हणून तुम्ही पलीकडे कंपाउंडच्या भिंतीशी लावली. तिथून आमच्या दारापर्यंत सिमेंट रोडवरून साठेक पावलं. गबरू शेवटची दहा-बारा पावलं जवळजवळ पळतच आला, आणि दारात येताच बसून पुढचा उजवा पंजा चाटायला लागला. आमच्या पोराने वहीत वेळ लिहिली, वजन लिहिलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'पुढचे पॅड लाल'. बरोबर लिहिलं. मात्र ते त्याने तुम्हाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी मागच्या खोलीत एका पर्शियन मांजरीचे गुंते सोडवत होतो.

मग आम्ही त्याला आंघोळ घातली. भांडी घासून घासून आपली बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात, तसे अर्ध्या तासाच्या आंघोळीने पॅड मऊ पडतात. मऊ पॅड लवकर सोलवटतात, चटकाही लवकर बसतो. आणि चार-वीसला तुम्ही त्याला घेऊन निघालात, त्याच साठ पावलांवरून. आधीच लाल झालेले पंजे आम्ही भिजवले आणि त्याच तव्यावरून परत पाठवले. पहिला चटका आमच्या दारात येईपर्यंत बसला होता, दुसरा आमच्यामुळे बसला. शनिवारी आमचं काम एवढंच होतं की आंघोळ रद्द करायची, पंजे गार करायचे आणि गाडी दारापर्यंत आणायला सांगायची.

आपलं ऊन मी तुम्हाला काय सांगणार! २०२४ च्या मे अखेरीला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल. सगळ्या देशात बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. हवेचे ते ५६ खोटेच होते, पण त्या दुपारी कोणी रस्त्याला थर्मामीटर लावला असता तर ५६ कमीच वाटले असते. माझ्याकडे एसी मेकॅनिक वापरतात ती तापमान मोजायची बंदूक आहे. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बाहेर जाऊन मोजलं. सिमेंट रोड ५१, पलीकडचं डांबर ५४, आणि कडुनिंबाखालची माती ३८. संध्याकाळी सहाला, ऊन उतरल्यावर! आपण चप्पल घालून 'आता बरं झालं, चला फिरायला' म्हणतो, तेव्हाचा हा आकडा आहे. सिमेंट सांजेनंतरही बराच वेळ धग सोडत राहतं, आणि नागपुरात आता गल्लीबोळातही सिमेंटच आहे.

लोकांना वाटतं कुत्र्याचा पंजा म्हणजे बूटच. रस्त्यावरच्या कुत्र्याचा थोडाफार तसा होतोही. त्याची कातडी रोजच्या घासण्याने जाड होते, आणि तोही दुपारी नालीच्या काठाशी नाहीतर गाडीखाली पडलेला असतो, हे आपण बघत नाही. फ्लॅटमध्ये टाइल्सवर वावरणाऱ्या, एसीत झोपणाऱ्या, वय झालेल्या लॅबचे पॅड मऊच असतात. घराबाहेर पडायच्या आधी हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजा. मोजवत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नका. यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता बूट. ते पोराने नाही, मी विकले. तुम्ही म्हणालात, 'हा जरा जपून पाय टाकतोय का हो?' तेव्हा मी पाय उचलून बघायला हवा होता. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी खोक्यातून एल साइज काढली आणि पिशवीत घालून दिली. तिथेच घालून दिले असते तर निदान त्या साठ पावलांना तरी कामी आले असते! बरं, मापही घेतलं नाही. कुत्र्याचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात. कागदावर उभं करून, पायावर भार असतानाच पेन्सिलीने गिरवून माप घ्यायचं असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. सगळ्यात वाईट म्हणजे ते काढायचे कधी, हे सांगितलं नाही. तुम्ही रात्रभर ठेवले. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांनाच. रबरी तळाच्या बंद बुटात पोळलेले पॅड रात्रभर घामात भिजत राहिले, म्हणून रविवारी सकाळी ते इतके वाईट दिसले. बूट असतात ते तापलेला तुकडा ओलांडण्यापुरते, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. घरात आले की काढायचे आणि बोटांमधून पुसून कोरडं करायचं.

खोबरेलाचा सल्लाही चूक. हिवाळ्यात पॅड कोरडे पडून चिरले तर झोपेच्या वेळी थोडं खोबरेल किंवा मेणाचं मलम चालतं. सालटं निघालेल्या जखमेवर तेल लावायचं नाही, आणि टाइल्सवर आधीच लंगडणाऱ्या आठ वर्षांच्या लॅबच्या पायाला तर मुळीच नाही. घसरून कंबर धरली असती म्हणजे? ज्याने फोन घेतला त्याला मी विचारलं. तो म्हणाला, 'घरी आम्ही तेच लावतो.' त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम माझं.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला तीन दिवस आहेत, म्हणून जे तुमच्या फोनला सांगायला हवं होतं ते इथे लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल. पंजा पोळला असं वाटलं तर आधी पाणी. पण गच्चीवरच्या टाकीचं नळाचं नको, मे महिन्यात तेच चटका देतं. माठातलं किंवा सकाळी बादलीत भरून ठेवलेलं पाणी दहा मिनिटं तरी हळूहळू ओतत राहायचं. बर्फ लावायचा नाही. हळद, टूथपेस्ट, तूप काहीच नाही. लटकलेला पापुद्रा कात्रीने कापू नका. चाटू देऊ नका, गळ्यात प्लॅस्टिकचा शंकूसारखा पट्टा (कोन) घाला. घरात फिनाइलच्या ओल्या फरशीवरून चालवू नका, झोंबतं. आणि माणसाची दुखण्याची गोळी, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, अर्धीसुद्धा देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. झिंकचं मलमही स्वतःच्या मनाने नको, तो चाटतोच. फोड आला, सालटं निघालं किंवा पाय टेकेना, तर सरळ डॉक्टर. तुमचे ठरलेले डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पट्टी बांधली असेल तर बोटं सुजतात का ते दिवसातून दोन-तीनदा बघा. ती ओली झाली की बदला. बाहेर नेताना वर प्लॅस्टिकची पिशवी चालेल, पण घरात आल्याबरोबर काढा.

एक आणखी. ऊन नसतानाही कुत्रा पंजे चाटत राहिला, बोटांमधले केस तांबूस झाले, वास यायला लागला, तर ते चटक्याचं नाही. ॲलर्जी असते, बुरशी असते, कधी बेचक्यात गोचीड बसलेली असते. आमच्याकडे असा कुत्रा आला की मलम विकायच्या आधी डॉक्टरकडे पाठवायचं, हे आम्ही पाळतो. गबरूच्या बाबतीत नेमकं तेच चुकलं.

आता दुकानात काय केलंय ते सांगतो. १५ जूनपर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा कुत्र्यांची अपॉइंटमेंट बंद. सकाळी साडेसहाला शटर उघडतो. दारापासून गाडीपर्यंत ओला बारदाना टाकतो. शेजारचा पानवाला हसतो, हसू दे. आल्याबरोबर चारही पंजे उलटे करून बघायचे, फोटो काढायचा आणि काही दिसलं तर कात्रीला हात लावायच्या आधी मालकाला दाखवायचा. मापाशिवाय बूट विकायचे नाहीत.

पैशांचं. आंघोळीचे ९०० आणि बुटांचे ८५० आज सकाळी तुम्ही ज्या नंबरवरून यूपीआय केलं होतं त्यावरच परत टाकलेत. डॉक्टरच्या १,६०० पैकी अर्धे, ८००, तेही त्यातच आहेत. पूर्ण देत नाही, कारण तीन वाजता साठ पावलं तो आमच्या दारात येतानाही चालला होता. हे तुम्हाला बोचेल, पण खरं तेच आहे, आणि तुमची वेळ तीनची आम्हीच दिली होती म्हणून अर्धे. बूट परत आणायची गरज नाही. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, टेबलाचं वाक्य ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

गबरूच्या मागच्या पायांची नखं शनिवारी राहिली होती, तो पाय देत नव्हता म्हणून. आता पुढचे पंजे दुखतात तर तो मागच्यांवर जास्त भार टाकेल, आणि वाढलेल्या नखांनी पाऊल तिरकं पडेल. त्याला इकडे आणू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं तर या शनिवारी सकाळी सात वाजता मी स्वतः तुमच्याकडे येतो, तो जिथे लोळलेला असेल तिथेच बसून कापून देतो. त्याचे पैसे नाहीत. फक्त त्याला आवडणारी बिस्किटं कोणती ते कळवा, शनिवारी आमच्याकडची त्याने हुंगून सोडून दिली होती.