निळी ओढणी आणि विटकरी साडी: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि काल सकाळी रंगाच्या शेडमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी आमची वही बघायची होती. तुम्ही दोन तारे दिलेत. निळ्या ओढणीचा रंग पहिल्याच दिवशी पांढऱ्या ब्लाऊजला लागला. लाल साडी फोटोत दिसली तशी नव्हती, विटकरी निघाली. 'नैसर्गिक' म्हणवून आम्ही तुरटी वापरतो, म्हणजे केमिकलच. आणि एवढं असून साडी ४,८०० रुपयांची. शेवटी लिहिलंत, 'आईला साठीला द्यायची होती, मन खट्टू झालं.' हे शेवटचं वाक्य मला फार लागलं.

ओढणीची चूक पूर्णपणे आमची, त्यातही माझी.

इतर रंगांसारखी नीळ तुरटीने धरत नाही. पाल्यातून काढलेली नीळ पाण्यात विरघळतच नाही. माठात चुना आणि गूळ घालून ती आंबवली की मग विरघळते, पाणी पिवळट हिरवं होतं आणि वर निळ्या फेसाची साय धरते. त्यात बुडवलेली ओढणी बाहेर काढली की हिरवी असते आणि वाऱ्यावर धरली की डोळ्यांदेखत निळी होते. तेवढ्या वेळात नीळ धाग्याच्या आत पुन्हा घट्ट होऊन अडकते. गडद निळा हवा असेल तर हलक्या माठात आठ-दहा बुड्या द्यायच्या आणि प्रत्येक बुडीनंतर कापडाला पुरता वारा लागू द्यायचा. जोरकस माठात तीन बुड्या दिल्या तरी रंग तेवढाच गडद दिसतो, पण नीळ धाग्यात न मुरता वरच्यावर बसते आणि घासली की सुटते. नव्या जीन्सचा निळा सोफ्याला लागतो, तो याच जातीचा प्रकार.

तुमच्या ओढणीच्या खेपेसमोर वहीत लिहिलंय: बुड्या तीन. ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. आमच्या सांगोल्याकडे पाऊस मुळात कमी, पण तेव्हा आठवडाभर झड लागली होती. कापड वाळत नव्हतं, ऑर्डरी तुंबल्या होत्या, आणि मीच म्हणाले की तीन बुड्यांत उरका. शेवटचं धुणंही पाणी नितळ येईपर्यंत झालं नाही. निळीचा माठ लावायला मला एका म्हाताऱ्या आजोबांनी शिकवलं. ते निराळी नावाच्या समाजातले, निळीत कापड रंगवण्याचा धंदा त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या होता. १८९७ मध्ये जर्मनीतल्या कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडची निळीची शेती बसली, पण त्यांच्या घरात एक माठ राहिला होता. आजोबा ओल्या कापडावरून पांढरं फडकं फिरवायचे आणि फडक्याला निळाई लागली की काही न बोलता कापड परत धुवायला द्यायचे. ते फडकं आजही आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं आहे. त्या आठवड्यात ते कुणी काढलंच नाही.

त्या खेपेत अकरा ओढण्या होत्या. बाकी दहा जणींना काल फोन केले. तिघींनी सांगितलं की आमचाही रंग लागला, पण आम्हाला वाटलं हाताने रंगवलेलं असंच असतं. गडद निळीचा थोडा रंग सुरुवातीला घासून निघतो हे खरं, पण पहिल्याच दिवशी ब्लाऊज खराब व्हावा इतका नाही. म्हणून तुम्ही लिहिलंत ते बरंच झालं.

आता साडी. ती मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळांत, रंगवली आहे. मंजिष्ठेचा लाल कुंकवासारखा टवटवीत नसतो, तो थोडा विटेकडे झुकतोच. पण तुमची साडी त्याहूनही उतरली आहे, हे तुमच्या फोटोत मला दिसलं. वेबसाइटवरचा फोटो जानेवारीतल्या साडीचा, विहिरीच्या पाण्यात रंगवलेल्या. तुमची साडी मे महिन्यातली. तेव्हा विहीर आटली होती आणि आम्ही शेजारच्या बोअरचं पाणी घेत होतो. पहिल्या दोन साड्या पातेल्यातून निघाल्या तेव्हाच रंगाला बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, पाणी बदललंय. मला वाटलं आच जास्त झाली असेल, कारण मंजिष्ठा उकळली की तिचा लाल करपून तपकिरी होतो. मावशींनी वाद घातला नाही. वाटीभर बोअरच्या पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाकली आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. चहा होईपर्यंत पाणी शाईसारखं करडं झालं होतं. पाण्यात लोह असलं की हिरडा काळा पडतो, आणि तेच लोह मंजिष्ठेचा लाल मळवून टाकतं. तोवर सहा साड्या रंगून झाल्या होत्या.

त्या साड्या आम्हाला आवडल्या होत्या, पक्क्याही होत्या, म्हणून विकायला ठेवल्या. फोटो मात्र जानेवारीचाच राहिला, आणि तिथे आम्ही चुकलो. 'शेडमध्ये थोडा फरक पडू शकतो' अशी बारीक अक्षरातली ओळ आहे, पण एवढा फरक त्या ओळीत बसत नाही. आता प्रत्येक खेपेचा वेगळा फोटो टाकतो, उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून. आणि या पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवलंय. पावसाच्या पाण्यात लोह नाही. ते फार मऊ असतं आणि मंजिष्ठेला थोडा चुना मानवतो, म्हणून त्यात चिमूटभर खडू घालतो. तयार लाल रंग जरासा मिसळला असता तर फोटोसारखी साडी हमखास आली असती. ते आम्ही कधी करणार नाही.

केमिकलच्या बाबतीत मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही, ताई. तुरटी हे रसायन आहे, मान्य. पण सुताला मंजिष्ठा तशी धरतच नाही. आधी हिरड्याचा हात द्यावा लागतो, मग तुरटीचा, आणि त्यानंतरच रंग सुतावर पक्का धरतो. साडीच्या चिठ्ठीवर तुरटी लिहिलेली आहे, आम्ही ती लपवलेली नाही. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आम्ही फक्त करड्या आणि काळ्या रंगाला वापरतो, तुमच्या साडीत तो नाही. रंग पक्का करायला काही जण वापरतात ते मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि क्रोम आमच्या शेडमध्ये येतच नाहीत, कारण त्यांचं उरलेलं पाणी कुठे सोडायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पिवळ्यासाठी हळदही आम्ही वापरत नाही. ती रंग देते सुंदर, पण उन्हात चार दिवसांत उडते. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत, ज्यूसवाल्यांकडून पोतीच्या पोती साल मिळते, तिचा पिवळा टिकतो.

तुमच्या एका ओळीमुळे आणखी एक गोष्ट बदलली. 'सगळं म्हणे यांच्या शेतातलं' असं तुम्ही लिहिलंय. वेबसाइटवर 'शेतापासून साडीपर्यंत' अशी ओळ होती, ती वाचून तसं वाटणारच. खरं असं आहे: तीस गुंठ्यांत आमची नीळ आणि बांधावर झेंडू, एवढंच घरचं. हिरडा जुन्नरच्या डोंगरातून येतो, मंजिष्ठा व्यापाऱ्याकडून विकत घेतो, सूत बाहेरचं, वीण सोलापूरच्या हातमागावरची. ती ओळ काल काढली आणि हे सगळं तिथे लिहिलं. निळीबद्दल एवढं सांगते, कारण ती खरंच आमची आहे: जूनमध्ये पेरतो, फुलं यायच्या आत कापतो, पाला रात्रभर हौदात भिजवतो, सकाळी ते पाणी दोन तास घुसळतो. अडीचशे किलो हिरव्या पाल्यातून जेमतेम एक किलो वडी हाती येते. उरलेला चोथा शेणखतात जातो. नीळ शेंगवर्गातली असल्याने जमीन सुधारते, तिच्यामागून पेरलेली ज्वारी दर वर्षी चांगली येते.

किमतीचं थोडक्यात सांगते. ४,८०० पैकी विणकरांची मजुरी १,६००, सूत ९००, मंजिष्ठा-हिरडा-तुरटी मिळून ७५०, रंगवणाऱ्या बायकांची मजुरी ७००. उरलेल्या ८५० मध्ये लाकूड, पाणी, कुरियर, बिघडलेलं कापड आणि मी. यातली विणाई आणि मजुरी मी कमी करणार नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगते. ओढणी आणि साडी दोन्ही पाठवा, कुरियर आमच्या खर्चाने, माणूस घरी येईल. ओढणीचे पैसे आजच परत करते. ती पुन्हा हवी असेल तर धुऊन, हलक्या माठात नीट बुड्या देऊन पाठवीन, त्याचे पैसे नाहीत. साडीचे पैसेही हवे तर परत देते. पण आईंच्या साठीला अजून वेळ असेल तर दिवाळीनंतरची पहिली खेप पावसाच्या पाण्यात रंगवतोय, तिचा फोटो आधी तुम्हाला पाठवते, पसंत पडली तरच पुढचं बोलू. आणि तो पांढरा ब्लाऊजही सोबत टाका. त्यावरची नीळ धाग्यात मुरलेली नसणार, नुसती वर बसलेली असणार, कोमट पाण्यात साबणाने बहुतेक निघेल. मावशी म्हणतात, घासू नका, तसाच पाठवा, मी बघते.