कापूर ठेवून ढेकूण जात नाहीत

‘पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या घशात हजारो रुपये घालू नका. गाद्या उन्हात टाका, कापूर आणि कडुलिंबाचा पाला ठेवा, फटींत रॉकेल सोडा, सुट्टीत महिनाभर घर बंद ठेवा, ढेकूण उपाशी मरतात. आणि घर स्वच्छ असेल तर ते मुळात येतच नाहीत.’ असा मेसेज उन्हाळा लागला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास फिरतो. त्यात एखादी गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्याच्या नादी लागून लोक दोन-तीन महिने घालवतात आणि तेवढ्यात एका पलंगातले ढेकूण घरभर होतात.

आधी शेवटचं वाक्य घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होतं. ढेकूण रक्तावर जगतो. त्याला ना खरकटं लागतं, ना केर. प्रवासातल्या बॅगेतून, जुन्या सोफ्यातून, पाहुण्यांच्या वळकटीतून तो येतो आणि लख्ख पुसलेल्या घरातही तेवढाच सुखात राहतो. पण ‘अस्वच्छ घर’ हा शिक्का बसेल या भीतीनं लोक शेजाऱ्यांपाशी तोंड उघडत नाहीत. भिंत सामाईक, वायरिंगच्या नळ्या सामाईक, आणि गुपित मात्र घरटी वेगळं!

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा. साधारण पन्नास अंशांना ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. म्हणून चादरी, अभ्रे, कपडे कडकडीत गरम पाण्यात धुतले तर उपयोग होतोच. तेवढं जरूर करा. पण जाड कापसाची गादी गच्चीवर टाकली की वरचं कापड तापतं, पोटातला कापूस तापत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवाय गादी वर गेली तरी पलंग खालीच असतो. बॉक्स बेडच्या प्लायचे जोड, स्क्रूची भोकं, लोखंडी कॉटच्या पोकळ नळ्या, भिंतीवरच्या स्विचबोर्डमागची जागा कोण उन्हात टाकणार? टॉर्च घेऊन गादीच्या शिवणीची गोट उलटी करून पाहा. शाईच्या बारीक ठिपक्यांसारखी काळी विष्ठा दिसते, टाकलेल्या काती दिसतात. असेच ठिपके पलंगाच्या जोडांतही सापडले, तर गादी फेकून देऊनही काही होणार नाही.

कापूर, कडुलिंब: वास येतो, ढेकूण शेजारच्या फटीत जातात. संपलं.

रॉकेल अंगावर पडलं तर ढेकूण मरतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. ते उडून गेलं की मात्र मागे काही उरत नाही, आणि लाकडी पलंगात, तेही वायरिंगजवळ, रॉकेल ओतून त्यावर झोपणं म्हणजे ढेकणांपेक्षा मोठं संकट ओढवून घेणं.

‘महिनाभर घर बंद ठेवा’ हे वाचून तर हसू येतं. मोठा ढेकूण एका जेवणावर महिनाभर सहज काढतो, थंडीत कितीतरी जास्त. तुम्ही गावाहून परत आलात की त्याला जेवण घरपोच मिळतं.

आता जे त्या मेसेजमध्ये नाही, पण ज्यावर सगळं अडतं, ते म्हणजे अंडी. अंडं जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं, पांढुरकं, फटीत चिकटवलेलं. आपल्या हवेत साधारण सहा ते दहा दिवसांत ते फुटतं. बहुतेक फवाऱ्यांचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आठवडाभर शांतता आणि मग पुन्हा चावे. दुकानातल्या स्प्रेंमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि ढेकूण त्यांना सरावले आहेत. हे नवं नाही. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाईत 1947 सालीच आढळले होते. धूर सोडणाऱ्या डब्यांचंही तेच. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 2012 साली असे तीन डबे तपासले, तर फटीत लपलेल्या ढेकणांपर्यंत धूर पोचतच नाही असं दिसलं.

म्हणून पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलवायचा तो फटीफटीत औषध मारण्यासाठी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा येण्यासाठी. ही दुसरी फेरी नसेल तर पैसे वाया, हे मी मान्य करतो. ‘पेस्ट कंट्रोल केलं तरी परत आले’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते, कारण आलेला माणूस पलंग न उघडता वरवर फवारून दहा मिनिटांत निघून गेलेला असतो. उग्र वास आला म्हणजे औषध जालीम, हीही आपलीच समजूत.

याहून वाईट म्हणजे गोळ्या. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी ‘पावडर ठेवतो, दोन दिवस दार उघडू नका’ म्हणत घरात ठेवत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. तो फटींतून शेजारच्या घरात जातो, उलट्या आणि धाप लागते, लोकांना अन्नातून विषबाधा झाली असं वाटतं, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकायला परवानगीच नाही.

त्यामुळे स्वस्त-महाग ठरवण्याआधी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागा. औषधाची बाटली दाखवायला सांगा, तिच्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी. आणि दुसऱ्या फेरीची तारीख पावतीवर लिहून घ्या.

प्रत्येक किड्यासाठी माणूस बोलवा, असं मात्र मी म्हणत नाही. ओट्याखाली चार झुरळं असतील तर जेलचे ठिपके स्वतः लावा. फक्त त्यावर स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकणार नाहीत. ढेकणांचं आणि वाळवीचं काम वेगळं.

खर्च टोचत असेल तर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांना विचारा. तिघा-चौघांचं काम एकाच दिवशी निघालं तर भावही उतरतो, आणि ढेकणांना पळून जायला शेजारचं घर उरत नाही.