बिल कुठून आणायचं?

आज सकाळी पेपरात फोटो होता. टेबलावर विनापरवाना कापूस बियाण्याच्या थैल्यांचा ढीग, मागे रांगेत उभे साहेब लोक, आणि कडेला रुमालाने तोंड बांधलेला एक पोरगा. मथळा: 'बोगस बियाणं जप्त'. तेव्हापासून डोकं फिरलंय. शाळेत दोन तास शिकवले, पण मन त्या टेबलावरच होतं.

तसलीच एक थैली आमच्या घरी आहे, रिकामी. आईने तिच्यात वालाचं बी भरून देवळीत ठेवलंय. पुढे टपोऱ्या बोंडाचं चित्र, बाकी काही नाही. ना कंपनी, ना लॉट नंबर, ना उगवणशक्ती, ना किंमत. २०२३ च्या खरिपात दादाने अशा आठ थैल्या आणल्या, एकेकीचे चौदाशे रुपये मोजून. दुकानातल्या बीजी-टूचा, म्हणजे परवानगी असलेल्या, बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कापूस बियाण्याचा, सरकारने ठरवलेला भाव त्या वर्षी ८५३ होता. म्हणजे बिलाचं स्वस्त बियाणं सोडून माझा भाऊ बिनबिलाच्या महागड्याकडे गेला. तो वेडा आहे का?

नाही. त्याला निंदणाचा हिशेब येतो. एकरी दहा बाया, अडीचशे रुपये मजुरी, चार एकराचे दहा हजार झाले. अशी निंदणं तीन. तेही बाया मिळाल्या तर. आमच्या यवतमाळकडे पाऊस लागला की सगळ्यांच्या शेतात एकाच आठवड्यात तण चढतं, आणि मग ऑटोवाल्याच्या हातापाया पडायचं की बाबा, आमच्याकडेही बाया आण. नाही आल्या तर आई आणि वहिनी खुरपं घेऊन बसतात. आईचे गुडघे त्यातच गेले. ज्यांना वाटतं की तण हाताने काढावं, निसर्गाशी नातं राहतं, त्यांनी जुलैमध्ये एक तास चिखलात उकिडवं बसून दाखवावं. फक्त एक तास.

दादाने आणलं ते एचटीबीटी, म्हणजे तणनाशकालाही न जुमानणारं बीटी बियाणं, गावाच्या भाषेत चोरबीटी. तणनाशक मारलं की तण जळतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी राहते. एवढंच त्याचं गुपित. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियातले शेतकरी ते राजरोस पेरतात, बिल घेऊन. आपल्याकडे त्याला परवानगी नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, त्याखालचे १९८९ चे नियम, आणि दिल्लीतली ती जीईएसी, म्हणजे जनुक बदललेल्या वाणांना हो-नाही म्हणणारी सरकारी समिती. महिको या बियाणं कंपनीने परवानगीसाठी केलेला अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी सरकारने बीजी-टूच्या थैलीचा भाव ८०० आणि त्यातली तंत्रज्ञानाची फी, म्हणजे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीचा वाटा, ४९ रुपयांवर आणली होती, आणि ते तंत्रज्ञान इतर कंपन्यांना द्यायची सक्ती करू पाहत होतं. पुढे ती फी २०२० मध्ये शून्य झाली. भाव उतरले तेव्हा मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. थैलीला सोळाशेच्या वर मोजलेले दिवस आमच्या घराने पाहिलेत, कंपन्यांचा पुळका मला नाही. पण आजही दुकानात मागितलं तर बीजी-टूच मिळतं, २००६ सालचं. नवं हवं असेल तर मोटरसायकलवरून येणारा माणूस.

आता त्या थैल्यांचं काय झालं ते सांगते. जुलैच्या शेवटी उघडीप मिळाली, दादाने तणनाशक मारलं. आठव्या दिवशी मी गावी गेले होते, मलाही धुऱ्यावर घेऊन गेला. एकाच ओळीत दोन झाडं हिरवीगार, तिसरं पिवळं पडून माना टाकलेलं, मग एक हिरवं, मग सलग चार जळालेली. थैलीत भेसळ होती. साधी सरकी आणि चोरबीटी एकत्र. दादा ओळीतून चालत होता आणि जळालेलं झाड दिसलं की वाकून हात लावत होता, काही न बोलता. शेवटी म्हणाला, "फोन लागून नाही रायला त्याचा."

तालुक्याच्या ठिकाणी एका साहेबांकडे गेलो. साहेब वाईट नव्हते, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, बिल आणि थैलीवरचं लेबल आणा, समिती येईल, पंचनामा होईल. दादाने खिशातून ती थैली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी उलटीपालटी करून पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, ही परत खिशात ठेवा, नाहीतर तुम्हीच अडकाल.

हा सगळा कायदा मला तिथे कळला. बंदीने बियाणं थांबलं नाही. दादाच्या हातातलं बिल तेवढं गेलं.

आणि 'बोगस' म्हणता कशाला? या बियाण्याचा गुण खरा आहे. बोगस माल त्यात मिसळला जातो, कारण तपासणारं कुणी नाही.

गुजरातमध्ये २००१ साली हेच घडलं होतं. विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर सापडला, पीक जाळायचे आदेश निघाले, आणि मार्च २००२ मध्ये बीटीला रीतसर परवानगी मिळाली. चोर आधी, कायदा मागून. मग इतकी वर्षं आपण काय शिकलो?

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, पेंड बाहेरून आणायची परवानगी दिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, वर्ष संपेपर्यंत. अमेरिकेतून येणारा तो कापूस कोणत्या बियाण्याचा असतो? बहुतेक सगळा याच तणनाशकाला न जुमानणाऱ्या बियाण्याचा. तिकडच्या शेतकऱ्याने पेरला तर गाठी तेव्हा बिनशुल्क मुंबईत उतरल्या. दादाने पेरला तर तोंडाला रुमाल बांधून फोटो.

हो, तेच तेच तणनाशक मारून तणही निर्ढावतं, अमेरिकेत झालंय. हो, ग्लायफोसेटच्या, म्हणजे याच तणनाशकाच्या, आरोग्यावरच्या परिणामांबद्दल शंका आहेत, आणि २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीने यवतमाळ जिल्ह्यातली माणसं मेली ती आम्ही जवळून पाहिली. हो, निंदणाच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते त्या बायांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यावरून रात्री वहिनीशीही माझं वाजलं, तिची बहीण निंदणाला जाते. पण मग तपासा ना! प्रयोग करा, वर्षं ठरवा, हो म्हणा नाहीतर सकारण नाही म्हणा. लेबलवर लिहा की किती मारायचं, कधी थांबायचं, हातमोजे घाला. चोरीच्या थैलीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

२०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणं सगळ्यांदेखत पेरलं, तेव्हा मी इथेच लिहिलं होतं की मागणी बरोबर असेल, पण कायदा मोडणं चूक. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला बदाम दिले होते. ते वाक्य मी आज मागे घेते. लपून पेरून जळालेल्या ओळी पाहिल्यावर उजेडात पेरणाऱ्यांना नावं ठेवायची हिंमत होत नाही.

राग जरा उतरला लिहिता लिहिता. दुपारी दादाला फोन केला होता. पाऊस कधी, ढेपीचा भाव काय, इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, बी आणलं का. म्हणाला, आणलं. कोणतं, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मागून आईचा आवाज आला, "बिल देल्लं का रे त्यानं?"

दादा म्हणाला, "ठेवतो आता, बैल सोडाचे हायेत."