नाइट व्हिजनसाठी 'सगळं फुल्ल करा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरच्या सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्र सुधारायचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात सहा उपाय आहेत: जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, ब्राइटनेस, गेन, आयआर (डोळ्याला जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड उजेड) सगळं फुल्ल करा, शटर (एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ती सेटिंग) सगळ्यात स्लो ठेवा, पावसापासून वाचवायला कॅमेरा खिडकीच्या काचेआड बसवा, काच टूथपेस्टने घासा, आणि बाहेरचा लाइट बंद ठेवा कारण नाइट व्हिजन म्हणे मिट्ट काळोखातच नीट चालतं. वाचताना पटतं सगळं, म्हणूनच तर फॉरवर्ड होतंय. पण यातला एकही उपाय जसाच्या तसा करण्यासारखा नाही, आणि दोन तर असे आहेत की आत्ता जे काही दिसतंय तेही जाईल.

मेगापिक्सेलपासून सुरू करू. रात्री प्रश्न पिक्सेल किती याचा नसतो, प्रत्येक पिक्सेलला उजेड किती मिळतो याचा असतो. सेन्सर (उजेड टिपणारी चिप) तेवढ्याच साइजचा ठेवून २ मेगापिक्सेलचे ८ केले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला जागा चौथा हिस्सा आणि उजेडही तेवढाच. म्हणून दिवसा खणखणीत दिसणारा ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्री मुंग्या मुंग्या दाखवतो. बघायचं असेल तर सेन्सरची साइज बघा (१/२.८ इंचापेक्षा १/१.८ इंच मोठा, भागाकारामुळे लोक नेमकं उलटं समजतात) आणि लेन्सचा एफ नंबर बघा (जितका लहान तितका उजेड जास्त). एफ २.० च्या जागी एफ १.० असेल तर चौपट उजेड आत येतो. बॉक्सवर मात्र मेगापिक्सेलच मोठ्या अक्षरात छापतात, बाकीचं कुठेतरी कोपऱ्यात.

आता 'सगळं फुल्ल करा'. सगळ्यात जास्त वाट याच सल्ल्याने लागते. गेन वाढवला म्हणजे उजेड वाढत नाही, आलेला सिग्नल मोठा होतो आणि त्याच्यासोबत नॉइजही (चित्रातल्या त्या मुंग्या) मोठा होतो. तो दाबायला कॅमेरा नॉइज रिडक्शन जोरात लावतो, मग चालत्या माणसामागे भुतासारखी सावली ओढल्यासारखी दिसते आणि चेहऱ्याचा मेणाचा पुतळा होतो. वर हा वळवळणारा नॉइज रेकॉर्डिंगचा बिटरेट (दर सेकंदाला साठवता येणारा डेटा) खातो, म्हणजे जिथे डिटेल हवा तिथे चौकोन चौकोन. आणि ब्राइटनेसचा स्लायडर तर काळ्याचं नुसतं राखाडी करतो, त्याने नवीन काही दिसत नाही.

आयआरचंही तेच. कॅमेऱ्याभोवतीचे एलईडी जो प्रकाश टाकतात तो समोरच्या माणसावर पडायच्या आधी जवळच्या गोष्टींवर पडतो, म्हणजे बाजूची भिंत, वरचं छत, पाइप, कुंडीतलं पान, आणि सगळ्यात हमखास कोळ्याचं जाळं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे अर्ध्या फुटावरची भिंत पांढरीफट्ट होते, कॅमेऱ्याला वाटतं बापरे केवढा उजेड, तो एक्स्पोजर खाली खेचतो आणि मागचं गेट काळोखात. अशा वेळी पॉवर वाढवली तर गेट अजूनच काळं होणार ना! कॅमेरा थोडा पुढे सरकवा किंवा कोन बदला, फ्रेममधून भिंतीचा आणि छताचा तुकडा काढा, जाळं झाडा, स्मार्ट आयआर (जवळची वस्तू पांढरी पडू नये म्हणून आयआर आपोआप कमी करणारी सेटिंग) असेल तर चालू करा. लांबवर उजेड हवाच असेल तर वेगळा आयआर इल्युमिनेटर (म्हणजे आयआरचा सुटा दिवा) घ्या आणि तो कॅमेऱ्यापासून चार हात लांब लावा. पावसाचे थेंब आणि धुकं लेन्सच्या शेजारच्याच दिव्याने जास्त चमकतात, दिवा बाजूला गेला की तेही कमी होतं आणि किडे जमले तरी तिकडे जमतात. घेताना वेव्हलेंथ बघा, ८५० नॅनोमीटरवाला फिकट लाल चमकतो पण लांब पोचतो, ९४० वाला डोळ्याला दिसत नाही पण सेन्सरलाही तो कमीच दिसतो.

शटर स्लो केलं की फोटो उजळतो हे खरंय. रिकाम्या अंगणाचा. माणूस साधं चालला तरी सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो, शटर १/१२ सेकंद असेल तर एका फ्रेममध्ये तो दहा सेंटीमीटर सरकलेला असतो, मग चेहरा कसला दिसतोय? १/२५ पेक्षा स्लो शक्यतो जाऊ नका, उजेड पुरेसा असेल तर अजून फास्ट ठेवा. गाडीची नंबर प्लेट वाचायची असेल तर तो वेगळाच खेळ आहे, आयआरमध्ये प्लेट पांढरी पडते, तिला खूप फास्ट शटरवाला वेगळा कॅमेराच लागतो.

खिडकीच्या काचेआडून तर नकोच. आयआर काचेवर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो आणि स्क्रीनवर फक्त पांढरा गोळा. जागाच दुसरी नसेल तर कॅमेऱ्याचा आयआर बंद करा, लेन्स काचेला चिकटवा आणि बाहेर वेगळा दिवा लावा.

टूथपेस्ट वाचून हसू आलं, पण लोक खरंच करतात. त्यात घासणारी पावडर असते, डोमच्या (कॅमेऱ्यावरच्या गोल झाकणाच्या) प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि रात्री आयआर पडला की प्रत्येक चरा चमकतो. मायक्रोफायबरचं कापड, थोडं पाणी, बस. डोम आतूनही पुसा, आणि लेन्सभोवतीची फोमची रिंग काचेला नीट टेकलीय का बघा, ती सुटली की आयआर आतल्या आत फिरतो आणि चित्रावर धुरकट पडदा येतो.

आणि लाइट बंद ठेवा म्हणे! अहो, कॅमेऱ्याला अंधार आवडतो असं काही नसतं. काळोखात आयआर ही मजबुरी आहे. दारावरचा दिवा चालू राहिला तर चेहरा नीट येतो, आणि कॅमेरा कलर मोडवर राहिला तर शर्ट कुठल्या रंगाचा हेही कळतं, जे आयआरमध्ये कधीच कळणार नाही. फक्त दिवा कॅमेऱ्याच्या मागे किंवा वर हवा, फ्रेममध्ये समोर नको.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आधी तपासा. मोबाइल अ‍ॅप बऱ्याचदा डेटा वाचवायला हलका सब-स्ट्रीम (कमी क्वालिटीचं चित्र) दाखवतं, एचडी किंवा मेन स्ट्रीम निवडून मगच चित्राला नावं ठेवा. आणि कॅमेरा फक्त रात्रीच बंद-चालू होत असेल तर आयआर लागल्यावर करंट जास्त लागतो आणि लांब बारीक वायरीत १२ व्होल्ट पोचेपर्यंत पडतात, तिथे जाड वायर किंवा चांगला अ‍ॅडॅप्टर लागतो, नवीन कॅमेरा नाही.