स्वल्पविरामाची चूक मान्य, पण शेल सोडणार नाही

नमस्कार. सीएसव्ही फायली जोडणाऱ्या स्क्रिप्टवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण निम्मी बरोबर होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: सीएसव्ही फायली (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे) जोडून स्प्रेडशीटमध्ये न्यायला शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाईल) ही नुसती हौस आहे, अवतरणात स्वल्पविराम आला की माझं ऑक (ओळीओळीने मजकूर हाताळणारं साधन) कोलमडतं, आणि पायथॉन भाषेतल्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने हेच काम दोन ओळींत होतं.

स्वल्पविरामाची चूक माझीच. ‘आडनाव, नाव’ असा मजकूर आला की एका रकान्याचे दोन होतात, पुढचे सगळे एक घर सरकतात आणि एररही येत नाही. गॉक (ऑकचीच एक आवृत्ती) ५.३ मध्ये यासाठी खास पर्याय आलाय. पण विचार केल्यावर वाटलं, इथे रकाने फोडायचेच कशाला? आता ऑकला एवढंच सांगितलंय: दुसऱ्या फाईलपासून पहिली, म्हणजे शीर्षकांची ओळ गाळ, बाकी जशाच्या तशा छाप. एखाद्या फाईलच्या शेवटी नवी ओळ नसली तर फायली जोडणारी कॅट ही आज्ञा दोन नोंदी एकमेकींना चिकटवते, तेही यात टळतं. शीर्षकं सगळीकडे सारखी आहेत ना, हे आधी ताडून घ्यायचं. शेलने हमाली करावी, पोती उघडू नयेत.

पांडाजचं म्हणाल तर तुमच्या दोन ओळी चालवून पाहिल्या. ००७४२ चा ७४२ झाला! सगळं मजकूर म्हणून वाच, असं त्यालाही बजावावं लागतं.

खरी नासधूस होते ती सीएसव्हीवर डबल-क्लिक करून एक्सेल उघडताना. पुढची शून्यं जातात, लांबलचक क्रमांकात पंधराव्या अंकानंतर शून्यं बसतात, ‘मार्च१’ ची तारीख होते. या जाचामुळे मार्च१ नावाच्या मानवी जनुकाचं अधिकृत नावच मार्चएफ१ करावं लागलं. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या सुमारे १६,००० कोविड नोंदी मोजणीतून निसटल्या, कारण जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ च ओळी मावतात. भाषा कुठलीही वापरा, हे दार सांभाळावंच लागतं.

म्हणून स्क्रिप्ट आधी ओळी मोजते आणि एक्सएलएसएक्स या नव्या एक्सेल प्रकाराच्या मर्यादेच्या, म्हणजे १०,४८,५७६ च्या वर गेल्या तर थांबते. (रकान्याच्या आत नवी ओळ असेल तर आकडा जास्त येतो, चालेल, उगीच थांबलेली बरी.) मग लिबरऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) खिडकी न उघडता एक्सएलएसएक्स फाईल बनवतं. त्याला दिलेले ४४, ३४, ७६, १ हे आकडे तुम्हाला ‘जादूटोणा’ वाटले. ते आहेत स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आणि पहिल्या ओळीपासून वाचन. पुढे १/२ जोडलं की पहिला रकाना मजकूर म्हणून येतो आणि शून्यं शाबूत राहतात. हे मूळ लेखात सांगायला हवं होतं.

दोन फायली एखाद्या क्रमांकावरून जुळवायच्या असतील किंवा तारखा तीन तऱ्हेने लिहिलेल्या असतील, तर मीही पांडाजच घेतो. इथे तसं काही नव्हतं, फायली फक्त एकाखाली एक लावायच्या होत्या.